सादर केलेली पत्नी परत मिळण्याबाबत

विषय : 'चिमूटभर कथा' या समूहाच्या शंभर शब्दांच्या कथास्पर्धेत माझ्याकडून सादर झालेली माझी पत्नी परत मिळण्याबाबत.

उपरोक्त विषयी कळवण्यात येते की, माझी पत्नी सौ. इंदुमती घोडके ही दिवाळीपासून सदर समूहाच्या ताब्यात आहे. समूह मोबाइलवर भरतो, पण सादर झालेले साहित्य सांगलीला, समूहाच्या प्रशासक शर्वरी दाबके यांच्या राहत्या घरी ठेवले जाते. स्पर्धेचा नियमच आहे : पाठवलेले साहित्य निकाल लागेपर्यंत लेखकाला अन्यत्र वापरता येणार नाही. मी कथा पत्नीवर लिहिली. 'पाठवा' हे बटण दाबले तेव्हा ती दुधी किसत होती. तिने किसणी खाली ठेवली, हात धुतले, चपला घातल्या आणि कराड स्टँडवरून सांगलीची गाडी पकडली. उरलेला दुधी मी किसला.

याबद्दल माझी तक्रार नाही. पाटबंधारे खात्यात मी कारकुनीत आयुष्य काढले. नियम मान्य करून मागाहून रडू नये, हे मी पुष्कळांना खिडकीतून ऐकवलेले आहे. तक्रार निकालाची आहे. निकाल पंधरवड्यात लागायचा होता. संक्रांत होऊन गेली तेव्हा मी फोन केला.

"काका, परीक्षक अजून वाचतायत," दाबकेबाई म्हणाल्या.

"शंभर शब्द?"

"बारकाईनं वाचतात ते."

"शंभर शब्दांना एवढे दिवस लागत असतील, तर त्यांना आधी बाराखडी घेऊन द्या."

"भाषा जपून, काका. समूहातून काढावं लागेल. आणि लेखकाला काढलं की साहित्य रद्दबातल होतं."

मी भाषा जपली. माणूस रद्दबातल होतो म्हणजे त्याचे नक्की काय होते, हे विचारायचे धाडस झाले नाही. दुसऱ्या दिवशी सांगली गाठली.

दार उघडताच फोडणीचा वास आला. आपले लोक स्पर्धा म्हटली की आईवर लिहितात. त्यामुळे दाबकेबाईंचा हॉल आयांनी भरला होता. विरलेल्या पदराच्या आया, वाटेकडे डोळे लावलेल्या आया, देव्हाऱ्यापुढे हात जोडलेल्या आया. एक निवृत्त मास्तर आणि धन्याची वाट पाहणारा एक कुत्रा कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. एका आईला तिच्या मुलाने 'मला भूक नाही' एवढेच वाक्य दिले होते. ती ते म्हणत म्हणत पोळ्या लाटत होती. टेबलाशी तीन परीक्षक जेवत होते.

निकाल का लागत नाही, ते मला तिथे कळले. घरात आयत्या आया असताना निकाल लावील कोण?

"या घोडके," त्यांतले एक कडबेसर तोंडात घास ठेवूनच म्हणाले. "तुमची कथा आघाडीवर आहे. बसा, पोळी गरम आहे."

इंदुमती खिडकीशी मेथी निवडत होती.

"अगं, ऊठ. घरी चल."

तिने माझ्याकडे पाहिले. ही नजर मला ठाऊक आहे. तिच्यामागून निदान अर्धा तास ऐकावे लागते. या वेळी काहीच आले नाही.

"त्या बोलणार नाहीत," दाबकेबाई म्हणाल्या. "तुमचा शेवट आठवा."

माझ्या कथेत एक कारकून निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन घरी येतो आणि बायकोला विचारतो, आता पुढे काय? प्रत्यक्षात ती म्हणाली होती, "शाल कपाटात ठेवा, नारळ फोडून आणा, आणि उद्यापासून या घरातला साहेब मी. रजा हवी तर अर्ज माझ्याकडे करायचा." हे शब्दमर्यादेत बसेना. ते कापून मी लिहिले : 'ती काहीच बोलली नाही.'

यावर लोकांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. शेवट अंगावर आला म्हणे. माझे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी शहाजी पिसाळ यांनीही लिहिले, 'वहिनींचं मौन किती बोलकं!' बाई इतकी वर्षे बोलत होती, तेव्हा हेच पिसाळ खिडकी लावून घेत. गप्प बसवली तर यांना साहित्य दिसले.

"जिंकलात तर हक्क कायमचे समूहाकडे," दाबकेबाईंनी समजावले. "हरलात तर साहित्य परत."

"परत म्हणजे कसं?"

"सादर झालं तसं."

"मुकं?"

"मौन, काका. मुकं नाही म्हणायचं."

मी टेबलावर हात आपटला. कडबेसरांची आमटी सांडली. "तिचं वाक्य कथेत परत घाला!"

"मर्यादा ओलांडेल. कथा बाद होईल."

"मग करा की बाद! दुसरं काय मागतोय मी?"

"बाद करायलाही मंडळाची बैठक लागते," कडबेसर आमटी पुसत म्हणाले. "लेखी द्या."

मी तिथेच अर्ज लिहायला घेतला. लेखी काम आटोपशीर करायची सवय. पत्नीचे मूळ वाक्य म्हणून लिहिले : 'शाल ठेवा, नारळ फोडा.' तेवढ्यात माझ्या हातातले पेन ओढले गेले. इंदुमती मेथी सोडून उठली होती. तिने माझी ओळ खोडली आणि आपले वाक्य पुरे लिहिले, साहेबासकट. मग रजेबद्दल लिहिले. मग दुधीत मी मीठ किती घातले असेल, त्याबद्दल. पान उलटून मागे लिहिले, आणि दाबकेबाईंकडे बघून आणखी कागदांसाठी हात पुढे केला.

आया भोवती जमल्या. एकीला मुलाने सतत हसतमुख लिहिले होते. ती हसत पुढे आली आणि पेनसाठी अडून उभी राहिली. तिच्यामागे दुसरी. तव्यावरची पोळी करपली.

"अजून एक मिळेल का?" कडबेसरांनी विचारले. कोणी वळून पाहिले नाही.

पोळ्या लाटणारीची पाळी आली. पिठाच्या हाताने तिने पेन धरले. "मला भूक नाही," असे म्हणत म्हणत तिने लिहिले : भूक आहे.

अर्जालाही शंभर शब्दांची मर्यादा आहे, असे दाबकेबाईंनी तोंडी कळवले आहे. मी अर्ज मागे घेतलेला नाही. सोबतची पाने अजून लिहून होत आहेत. निकाल लागलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.