कासमभाई रस्त्याला विचारतात

लोणावळ्याहून खोपोलीला सर्व्हिस मोटर नेणारे कासमभाई पावसाळ्यात घाटातल्या प्रत्येक अवघड वळणाआधी मोटर थांबवत, चपला काढत आणि अनवाणी पुढं चालून येत. आत उतारू वैतागून बसलेले. हे आपले चिखलात तळपाय घासून सावकाश परत. "रस्ता पायाला इचारावा," म्हणत, "टायरला काय कळतंय?"

त्या वर्षी मालकानं खोल खाचांचे नवे टायर घातले. ते भाईंच्या डोळ्यांत सवतीसारखे सलत. "टायर नवं झालं म्हून निसरडं कमी व्हतं का?" हा त्यांचा सवाल. मी मास्तर, म्हणून मला तर ते हे मुद्दाम विचारत.

श्रावणात आईला घेऊन मी त्याच मोटरीनं निघालो. खोपोलीला ताई बाळंतपणात अडली होती, पहाटेच सांगावा आला होता. आमची आई मुळातच उतावळी. दोन वळणं तिनं कशीबशी सोसली. तिसऱ्याला भाई चपला काढू लागले, तशी ती कडाडली, "भाई, नवे टायर आहेत ना? माझी लेक तिकडे अडलीय. चला आता."

भाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बरं, मावशी," म्हणाले आणि न उतरताच मोटर हाकली.

वळणावर लाल मातीचा लगदा वाहून आला होता. मागची चाकं दरीकडे घसरली. मी आईचा दंड घट्ट धरला. भाईंनी ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टेअरिंग चक्क दरीकडे वळवलं. चाकं घसरतात तिकडंच वळवलं की मोटर सावरते, हे मला नंतर कळलं. मोटर सावरली, तशी त्यांनी ती हळूच डोंगराकडे घेतली आणि दरडीला घासत उभी केली. मागच्या चाकाची खूण कड्यापासून हातभरावर उमटली होती. पुढची सगळी वळणं भाई चालून आले.

खोपोलीला मेव्हणे मोटरीपाशीच उभे होते. मुलगी झाली, दोघी सुखरूप, म्हणाले. उतारू पांगले. भाई मोटरीच्या पायरीवर बसले होते. बिडी हातात तशीच, न पेटवलेली.

आई त्यांच्यापाशी गेली. "भाई, चूक माझी होती."

"तसं न्हाई, मावशी. पर मी लय भ्यालो. रोजच भ्यातो. घरी सांगाया कुनी न्हाई, म्हून तुमाला सांगितलं."

आई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. "सांगा," म्हणाली, "मी बसलेय."

ताईकडे मी एकटाच पुढं गेलो.