चौदा दिवस हात लावायचा नाही

विद्यालक्ष्मीबाईंनी टॅब जेवणाच्या टेबलावर आपटला, तेव्हा सार वाढणारे राममूर्ती दोन पावलं मागे सरकले.

"सहा दिवस झाले. एक फॉर्म नाही. काय करतंय हे यंत्र?"

"शिकतंय," राममूर्ती म्हणाले.

"सहा दिवसांत मी चाळीस मुलींना अपूर्णांक शिकवून संपवत होते."

ते खरं होतं. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता अड्यारमधल्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत मराठी लिहायला-वाचायला शिकवण्याचा वर्ग काढणार होत्या. तंजावरकडून आलेल्या घरांत आजी मराठीत हाक मारते आणि नातवंडं तमिळमध्ये उत्तर देतात, याचा त्यांना संताप होता. पण मंडळाचे सेक्रेटरी विजयेंद्र यांनी अट घातली होती. विजयादशमीला दहा विद्यार्थी बसले तर खोली तुमची, नाहीतर नाचून वजन उतरवणाऱ्यांची. एके काळी अशी गोष्ट हळदीकुंकवात एकीच्या कानात घातली की दिवेलागणीपर्यंत मैलापूरपासून तांबरमपर्यंत पोचायची. त्या बायका आता राहिल्या नव्हत्या. म्हणून इंटरनेटवर जाहिरात.

जाहिरातीचं काम त्यांच्या भाच्याचं, सुधींद्रचं. त्याला ताबडतोब फोन गेला.

"अत्या, जाहिरात कुणाला दाखवायची, स्क्रीनवरच्या जागेसाठी किती बोली लावायची, हे यंत्र आपलं आपण ठरवतं. चौदा दिवस बघून बघून शिकतं. मधे कुणी ढवळलं की पहिल्यापासून. तुम्ही हात लावलात?"

"मी कशाला लावू?"

"मग इथे रोज दोनदा बदल दिसतोय. कुणीतरी दिवसाचा खर्च एक रुपयावर आणतंय आणि दीड तासानं परत तीनशे करतंय. सोमवारी सकाळी साडेसातला. मंगळवारी तीनला. बुधवारी बाराला."

विद्यालक्ष्मीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"राहुकाळ," त्या म्हणाल्या.

राममूर्तींनी साराचं भांडं खाली ठेवलं. "विद्येचं काम आहे. राहुकाळात कुणी नाव घातलं आणि पोराचं शिक्षण अर्धवट राहिलं तर? म्हटलं, दीड तास थांबवू."

"थांबवायचं होतं तर रुपया कशाला ठेवलात?"

"शून्य घेईना ते."

"रोज त्याची पाटी पुसत होतात तुम्ही. आणि मी त्याला ढ म्हणत बसले."

"आपलं लग्नसुद्धा राहुकाळ टाळूनच लावलं होतं."

"दिसतोय त्याचा गुण."

फोनमधून सुधींद्र म्हणाला, "पोरुमै, अत्या, पोरुमै. थोडा धीर धरा. आज पहिला दिवस समजा. विजयादशमीला अजून सोळा दिवस आहेत."

"मला धीर शिकवू नकोस. तुझे पाढे मी घेतलेत."

टॅब कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या कमरेला. चौथ्या दिवशी सुधींद्रनं पहिलं नाव कळवलं. गिरीधर.

"हे तर तुमच्याबरोबर सकाळी समुद्रावर फिरायला येतात ते," विद्यालक्ष्मीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"नातवासाठी भरला असेल," राममूर्ती म्हणाले.

मग पुन्हा शुकशुकाट. यंत्रावर ओरडता येईना, म्हणून त्या भाजीवाल्यावर ओरडल्या, लिफ्टवर ओरडल्या. आठव्या दिवशी त्यांनी फोन केला. "बोली दुप्पट कर." सुधींद्रनं ऐकलं नाही. "अत्या, उगवलंय का बघायला रोज बी उकरून काढतात का?" त्यावर त्यांनी फोन ठेवला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

अकराव्या दिवसापासून नावं येऊ लागली. रविकांत. बालाजीराव. राणोजी. पंधराव्या दिवशी दहा पूर्ण झाली.

"राणोजी," विद्यालक्ष्मीबाई म्हणाल्या. महिन्याभरात त्या पहिल्यांदाच हसल्या. "लोक पुन्हा पोरांची जुनी नावं ठेवायला लागलेत हो."

विजयादशमीला सकाळी त्या खोलीत शिरल्या आणि तशाच बाहेर आल्या. आत दहा विद्यार्थी होते. सगळ्यात लहान सहासष्टचा. विजयेंद्रनी दारात उभं राहून डोकी मोजली, दोनदा मोजली, आणि खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली. अटीत वय नव्हतं.

"हे काय आहे?" व्हरांड्यात त्यांनी सुधींद्रला धरलं.

"यंत्राला पहिला फॉर्म गिरीधर मामांचा मिळाला. त्याला वाटलं, आपल्याला असेच लोक हवेत. शोधून शोधून आणले."

"आणि हे आले?"

"त्यांना बोलता येतं, वाचता येत नाही. शाळा तमिळमधली. आणि जाहिरातीत वय तुम्हीच लिहू दिलं नाही. शिकायला मुलंच येतात म्हणालात."

आत गिरीधररावांनी नव्या वहीला पट्टीनं समास आखायला घेतला होता. समास वाकडा गेला तसं त्यांनी पान उलटलं आणि दुसऱ्या पानावर परत आखू लागले.

"काळजी करू नका," सुधींद्रनं फोन बाहेर काढला. "वय आत्ता बदलतो. पोरंच येतील. फक्त ते परत पहिल्यापासून शिकेल. चौदा दिवस."

"हात लावलास तर बघ."

त्या आत गेल्या, खडू उचलला आणि फळ्यावर मोठा 'अ' काढला. मागच्या बाकावर एकोणऐंशी वर्षांचे राणोजी शेजाऱ्याला आपलं ऑपरेशन सांगत होते.

"राणोजी," विद्यालक्ष्मीबाई फळ्याकडेच बघत म्हणाल्या, "गुडघ्याचं मधल्या सुट्टीत."