पौलसमामांचे मासे

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ॲसिडच्या टाकीचा व्हॉल्व्ह साहेबांच्या हुकमाने उघडत नसे, दोन माशांच्या परवानगीने उघडत असे. मासे पौलसमामांचे. वापरलेल्या ॲसिडमध्ये मामा चुना ढवळत, मग त्यातलं पातेलंभर पाणी काढून त्यात नदीतून आणलेले बोटाएवढे दोन मासे सोडत आणि स्टुलावर बसून राहत. अर्धा तास मासे पोहले, तरच पाणी नाल्यात सोडायचं. नाला पुढे पवनेला मिळायचा.

"मामा, डब्यात बोंबील आणता आणि इथे माशांची काळजी?" मी एकदा विचारलं.

"खायाची परवानगी हाय, नासायची न्हाई. देवानं आदामाला बागंत ठिवलं ते राखणीला. सातबारा न्हाई केला त्येच्या नावावर."

नगरकडचा हा ख्रिस्ती गृहस्थ कुणाच्या बापाचं ऐकत नसे. मला त्याचा राग यायचा, कारण टाकी रिकामी होईपर्यंत मलाही थांबावं लागे आणि त्याच्या माशांपायी माझी घरी जायची गाडी चुकायची.

एकदा दुपारी नवे सुपरवायझर देसाई तावातावाने आले. तातडीची ऑर्डर होती, टाकी ताबडतोब रिकामी हवी होती. पातेल्यात दोन्ही मासे उलटे तरंगत होते.

"आजूक चुना लागंल साहेब. उद्या सकाळी सोडू."

"उघडा म्हणतो ना."

मामा उठले आणि सरळ व्हॉल्व्हच्या चाकावर जाऊन बसले. देसाईंनी तिथेच मेमो लिहिला. मामांनी तो वाचला, सही केली, चाकावरून मात्र हलले नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस.

देसाई माझ्याकडे वळले. "फिटर, पाना घे. यांना उठव आणि तू उघड. मी फोन करून येतोय, तोवर टाकी रिकामी दिसली पाहिजे."

ते गेले. मी पाना घेऊन मामांसमोर उभा राहिलो. घरी दोन लहान पोरं होती माझी.

"उघड बाबा, तुजी नोकरी हाय," मामा उठत म्हणाले. "फकस्त मला म्होरं जाऊ दे. घाटावर बाया धुणं धुत्यात, त्यास्नी पाण्यातनं भाईर काढतो."

"मामा, एवढं काय झालंय?"

ते पातेल्याकडे बघत म्हणाले, "धा वर्साखाली मीच सोडलं हुतं, असंच, घाईत. माजी बायकू मार्था घाटावर पाण्यात उभी हुती. पाय भाजलं तिचं, सा म्हैने टेकवंना. नदीला काय झालं आसंल, म्हणून मलाच इचारायची. म्या न्हाई सांगितलं. आता सांगावं, तर ती न्हाई."

देसाईंचे बूट वाजले, तेव्हा पाना चाकाला लावून मी नुसताच जोर केल्यासारखं करत होतो.

"जाम आहे साहेब. गंजलंय. सकाळशिवाय होणार नाही."

देसाईंनी एकदा पान्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग "सकाळी सातला" एवढंच म्हणून ते निघून गेले.

मामांनी डोळे पुसले. "खोटं बोललास राव."

"बोललो."

"तुज्यासाटी मी मागंन माफी," चुन्याच्या पोत्याकडे जात ते म्हणाले. "माजी तर आजूक मागायचीच हाय."