फक्त पेन उघडू द्या

एक अत्यंत गंभीर बाब कानावर घालतो, आधी बसून घ्या: आमच्या ऑफिसातले वैरागडेभाऊ अहवालाच्या आधी आदेश टाइप करतात.

रायपूरच्या ज्या सरकारी कचेरीत गावोगावचे ताप, जुलाब, काविळीचे आकडे येऊन पडतात, तिथे आमची टेबलं शेजारी. पूर्वी दर सोमवारी आम्ही साहेबांना जाडजूड अहवाल द्यायचो. रंगीत आलेख, सुबक बांधणी. एकदा साहेबांचा निरोप आला, "बढ़िया है. अगली बार थोड़ा मोटा बनाइए."

"वाचून नाही राहिले बाप्पा, तोलून राहिले!" भाऊ कडाडले.

तेव्हापासून एकच कागद. वर वस्तीचा नकाशा, त्यावर लाल गोल, खाली तयार आदेश, सहीची जागा पिवळी रंगवलेली. "साहेबाले विचार कराले लावला का कमिटी बसते. त्याईले फक्त पेन उघडू द्या."

ही खोड ते ऑफिसबाहेरही सोडत नाहीत. माझ्या मुलीची लग्नपत्रिका मी कौतुकाने दाखवली, तर कुलदैवतापासून मामा-मामीपर्यंत सगळे खोडून त्यांनी चार शब्द ठेवले: "शनिवारी या. जेवण आहे." खाली चौबे कॉलोनीचा नकाशा, त्यावर लाल गोल. माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

गेल्या सोमवारी कागदावर काविळीचे सात रुग्ण होते आणि सगळे एकाच हँडपंपाचे. आदेश: पंपाला कुलूप, वस्तीत टँकर.

"सिर्फ सात?" साहेब म्हणाले. "छोटा आँकड़ा है, वैरागड़े जी. अगले हफ्ते देखते हैं."

म्हणजे आणखी आठ दिवस अख्खी वस्ती तेच पाणी पिणार. भाऊंनी पेन उघडून पुढे सरकवलं. साहेबांनी टोपण लावून परत दिलं.

साहेबांसमोर भाऊ नेहमी हिंदीत बोलतात, तेही मोजकं. त्या दिवशी ताडकन उभे राहिले. सही पाच मिनिटांनी झाली, टँकर दुपारीच गेला. पण त्याआधी भरल्या मीटिंगमध्ये भाऊ चक्क मराठीत ओरडले, आणि मराठीचं अक्षर न येणाऱ्या साहेबांनी मान खाली घातली:

"या यादीतल्या सात नंबरच्या पेशंट आजीले मी रोज फोन करतो साहेब, तब्येत विचाराले! अन् थेच मले विचारते, बेटा, भात खाल्ला का? या रायपुरात मले हे विचारणारं दुसरं कोणी नाही!"