हानेलोरेची बिअर मी गाळली

लेबल कसं वाचायचं हे मला कुणी शिकवू नये! कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होते मी. अख्खी नोकरी बाटल्या आणि लेबलं वाचण्यात गेली. त्यामुळे शेजारच्या उलरिखचा फोन आला तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "डोन्ट वरी, मी आणते."

उलरिख जर्मन, ऐंशीच्या पुढचा. त्याची बायको हानेलोरे, माझी मैत्रीण, थंडीच्या सुरुवातीला गेली. आता तिचा वाढदिवस आला होता. चार शेजाऱ्यांना बोलवायचं आणि तिची आवडती गव्हाची बिअर तिच्या नावानं प्यायची, एवढीच त्याची इच्छा. पण बर्फावर घसरून पाय मोडल्यानं तो घरात अडकलेला.

"लेबलवर 'हेफे' बघ," तो म्हणाला.

लिकर स्टोअरमध्ये 'हेफे' होती, 'क्रिस्टाल' होती, 'डुंकेल' आणि 'बॉक'ही होती. तिथला माणूस समजवायला आला.

"मॅम, यातला फरक..."

"आय नो!" मी म्हटलं आणि 'हेफे'च्या बाटल्या उचलल्या. खाली 'नाटूरट्र्यूब' असं काहीतरी छापलं होतं. नाटूर म्हणजे नेचर, ट्र्यूब म्हणजे ट्रू. अस्सल माल!

घरी येऊन ग्लासात थोडी ओतली आणि उजेडात धरली. गढूळ! बाटलीच्या तळाशी गाळ!

"अहो, हे इन्फेक्टेड आहे!"

आमचे हे, गुरुदत्त, चष्मा वर करून म्हणाले, "अगं, उलरिखला विचार ना."

"आज त्या बिचाऱ्याला त्रास द्यायचा? मी बघते."

बाटल्या पातेल्यात ओतल्या. फेस असा उसळला की स्टोव्ह, काउंटर, माझी साडी, सगळ्यांना आंघोळ! तरी मी हटले नाही. चांगली उकळी काढली, मग कॉफीच्या फिल्टरमधून दोनदा गाळली. गाळ सिंकमध्ये. काचेच्या जगमध्ये उरलं ते अगदी नितळ, सोनेरी. वेळ होत आली म्हणून कोमटच घेऊन गेलो.

उलरिखनं कोट-टाय घातला होता. टेबलावर हानेलोरेचा फोटो. त्यानं ग्लास उचलला. "हानेलोरे," एवढंच म्हणाला. आम्ही सगळे प्यायलो.

उलरिखनं ग्लास हळूच खाली ठेवला.

"पद्मजा, हे काय आहे?"

"तुझीच बिअर. गढूळ होती, म्हणून उकळून गाळली."

"हेफे म्हणजे यीस्ट," तो अगदी हळू म्हणाला. "नाटूरट्र्यूब म्हणजे मुळातच गढूळ. गाळलेली हवी असती तर मी क्रिस्टाल सांगितली असती. तळाचा गाळ हानेलोरेला सगळ्यात जास्त आवडायचा. गाळ नीट मिसळावा म्हणून ती बाटली आडवी करून टेबलावर लोळवायची, शेवटचा थेंबसुद्धा सोडायची नाही."

मैत्रिणीच्या आठवणीचा शेवटचा घोट मी स्वतःच्या हातानं सिंकमध्ये ओतला होता. डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गुरुदत्त उठले, दाराशी टांगलेल्या विंटर कोटाकडे गेले आणि आतल्या खिशातून एक बाटली काढून उलरिखपुढे ठेवली.

"अहो, ही कुठून?"

"तू पातेलं काढलंस तेव्हाच एक उचलून ठेवली," ते खाली बघत म्हणाले.

उलरिखनं बाटली आडवी केली, हानेलोरेच्या फोटोसमोर हळूहळू लोळवली आणि उघडली. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास सुटला. प्रत्येकाला जेमतेम घोटभर मिळाली. उलरिख रडत होता आणि हसतही होता. "आता कशी ती घरी आल्यासारखी वाटली," तो म्हणाला. मी त्याचा हात धरून बसले. कितीतरी वेळ.

निघताना समोरच्या घरातली, कानांनी अधू असलेली मार्जरी माझ्याजवळ आली. माझा जग तिनं एकटीनं जवळजवळ रिकामा केला होता.

"पद्मजा," ती कुजबुजली, "तुझा हा इंडियन टी फार सूदिंग आहे. मला रेसिपी देशील?"

काय करणार! दिली.