रामरावांचा पाण्याचा अंदाज

पाण्याचा अंदाज आपल्याइतका सगळ्या घनसावंगी तालुक्यात कोणाला नाही, असं रामरावांचं ठाम मत होतं. गोदावरीपल्याड त्यांचं चार एकर शेत. पूर कधी ओसरेल, वाळूत पाय कुठं ठरेल, हे ते काठावर उभे राहून विडी संपायच्या आत सांगायचे. त्यातून मुलगा आदिनाथ बंदरं बांधायचं शिकायला आयर्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका शहरात गेलेला. मग काय विचारता! स्टँडसमोरच्या हॉटेलात रामराव रोज एकदा तरी म्हणायचे, "पाणी आमच्या घराण्यातच हाय."

मे महिन्यातल्या एका दुपारी, पावणेतीनच्या सुमारास, तिथंच आदिनाथचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे सव्वादहा वाजले होते. अकराला तोंडी परीक्षा, आणि बस चुकलेली! परीक्षा हुकली तर सगळं सत्र पुन्हा करावं लागणार होतं. कॉलेज तर समोरच्या काठावर दिसत होतं, पण रस्ता खाडीला वळसा घालून जाणारा, पायी दीड तासाचा.

रामरावांनी चष्मा चढवून पाहिलं. खाडीत पाणी नव्हतंच. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती ओली वाळू.

"मंग रडतो कशाला? सरळ वाळूतून जाय की."

आदिनाथ चाचरत म्हणाला, की इथं पाटी लावलीय, आज दहानंतर वाळूत उतरू नका, भरती येते.

"वरतून धरणाचं पाणी सोडतेत का?"

"न्हाई आबा. समुद्रातून येतं."

रामराव हसले, म्हणून हॉटेलही हसलं. परक्या मुलखातले लोक पाट्या लावण्यात फार पुढे असतात, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मग मुलाकडे वळले. "अरे, मे महिन्यात गेलेलं पाणी अर्ध्या तासात माघारी येतं का कुठं? मी सांगून राह्यलो ना. उतर."

आदिनाथ उतरला. रामराव त्याला इथून रस्ता दाखवू लागले. डावीकडं घे, काळ्या वाळूत जाऊ नको, चप्पल हातात धर. निम्मी खाडी अशी मजेत पार पडली. तेवढ्यात शेजारचे कापड दुकानदार गयासोद्दीनभाई चहाला आले आणि खांद्यावरून वाकून बघू लागले.

"रामराव, पोराच्या मागं ते काय चमकून राह्यलंय?"

"ऊन हाय ते."

ते ऊन हळूहळू पुढं सरकत होतं. ते आदिनाथच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. पोरगं धावत जाऊन एका खडकावर चढलं. "आबा, पाणी आलं," एवढं बोललं आणि फोन बंद पडला.

घरी बायकोला, नंदाबाईला काय सांगायचं, हे रामरावांना सुचेना. त्यांनी राजूरच्या गणपतीला पायी यायचं कबूल केलं आणि पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले. तब्बल पाऊण तास!

शेवटी तिकडूनच, दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून व्हिडिओ कॉल आला. आदिनाथ कॉलेजच्या धक्क्यावर, अंगावर भगवं ब्लँकेट, चप्पल गायब. बचाव पथकाच्या नावेनं त्याला आणून सोडलं होतं. परीक्षा घेणाऱ्या बाई खिडकीतून सगळं बघत होत्या. खाली येऊन त्यांनी तिथंच भरतीवर प्रश्न विचारले. पाणी किती वेळात किती चढतं, हे आदिनाथनं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मिनिटागणिक सांगितलं. पास झाला!

रामरावांनी डोळे पुसले. सगळ्यांना चहा सांगितला.

गयासोद्दीनभाईंनी बशीत चहा ओतला. "पोरगा तर एकदम हुशार हाय तुमचा. मंग अडकला कसा?"

रामरावांनी आपली बशी खाली ठेवली.

"हुशार हायेच वो," ते हळूच म्हणाले, "फक्त बापाचं लई ऐकतं."