मैनावती गाडीने शीव ओलांडिली ती हकीकत

श्रीविश्वकर्मा समर्थ. चाक ज्याणें घडविलें त्याचे चरणीं मस्तक ठेवोन, आणि चाकाचा खर्च ज्याणें वाढविला त्याचें नांव न घेतां, ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, गुरुवार. राज्याचें नांव लिहिणें नाहीं. जाणते ते जाणतील, आणि ज्यांचे दारीं जुनी मोटार आहे ते पहिल्याच ओळीस सुस्कारा टाकतील.

त्या राज्यांत राजश्री मार्तंडराव बहिरट म्हणोन एक गृहस्थ होते. पाटबंधाऱ्याची चाकरी करोन निवृत्त जाहले, वय वर्षें सदुसष्ट, डोईस केस थोडे, हट्ट बहुत. तयांचे तीर्थरूप डाक्तर नारोपंत यांणीं इसवी सन एकोणीसशें एक्कावन्नची बिलायती गाडी विकत घेतली, अंग काळें, पोट पिवळें, पुढें दोन वाटोळे दिवे, आणि तिचें नांव मैनावती ठेविलें. तींत बसोन डाक्तरांनीं चाळीस गांवचीं बाळंतपणें केलीं, आणि दंडक घातला कीं दसऱ्याचे दिवशीं गाडीनें स्वबळें शीव ओलांडावी, पलीकडे आपट्याखालीं सोनें लुटावें, मग माघारें यावें. घरापासोन शीवेचा दगड चार कोस. डाक्तर वैकुंठवासी जाहले, दंडक राहिला, आणि मार्तंडरावांनीं तो एकेचाळीस वर्षें चालविला. रावांची पत्नी सौभाग्यवती उमाबाई. त्या मैनावतीस नांवानें कधीं हाक मारीत नसत. "माझी सवत उभी आहे दारात, तिला आधी पाणी दाखवा, मग माझा चहा प्या," ऐसें बोलत, आणि राव खालीं मान घालोन आधीं पाणी दाखवीत.

आणि मग महागाईनें मुलुखांत पाय ठेविला. प्रथम टायरांवर चाल जाहली. नारोपंतांनीं जितक्या रुपयांस सबंध गाडी घेतली तितक्यांत आतां एक टायर येईना. मग हुजूरचा हुकूम निघाला कीं जुन्या गाड्यांचे परवान्याचा दस्त, म्हणजे कर, वाढविला असे, आणि रावांनीं तो मुकाट्यानें भरिला. मग तेलांत उसाचा अर्क मिसळों लागले, तो अर्क मैनावतीचे रबरी नळ्यांस बाधला, नळ्या चिघळल्या, त्या बदलिल्या. मग विमेवाल्यांचा वकील आला आणि म्हणों लागला कीं ऐशी वृद्ध गाडी आमचे यादींत बसत नाहीं, आणि मग जास्त घेऊन बसविली. मग बंपराचा मुलामा, मग गादीचें चामडें, मग ब्रेकाचा एक वाटीएवढा तुकडा, जो बिलायतेस एका म्हाताऱ्यापाशीं सांपडला आणि जकातीसह येतां येतां सोन्याचा जाहला. शेजारी म्हणों लागले, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. राव बोलिले कीं कोंबडी आमची, मसालाही आमचा, ठसका तुम्हांस कां लागतो. उत्तर उत्तम जाहलें, परंतु उत्तरानें नळ्या येत नाहींत. रावांनीं सहलीस जाणें सोडिलें, स्कूटर विकिली, आणि चष्म्याची काडी मोडली ती दोऱ्यानें बांधोन दोन वर्षें तोच चष्मा लाविला. भाद्रपदांत मैनावतीस मात्र नवी बॅटरी आणिली. माणसाची हौस ही ऐशीच असते, आणि जयास ती नाहीं त्याणें पुढें न वाचिलें तरी आमचें कांहीं जात नाहीं.

या युद्धांत रावांचा सेनापती एकच, उस्ताद दस्तगीर शिकलगार. इंजिनास कान लावोन दुखणें ओळखी. तयापाशीं वडिलांकडोन आलेले बिलायती मापाचे तेरा पाने होते. हल्लींच्या गाड्यांचा एकही पाना मैनावतीचे नटांस लागत नसे, सबब ते तेरा पाने म्हणजे त्या राज्याचा अवघा तोफखाना.

ऐशियांत श्रावणमासीं चिरंजीव निरंजन परमुलुखांतोन घरीं आला. मुलगा वाईट नव्हे. वडिलांस भर दुपारीं गाडीखालीं उताणे निजलेले पाहिलें, आणि तयाचें काळीज हललें. हमरस्त्यावरील हॉटेलाचे धनी अंबादासशेठ यांचा निरोप त्याणेंच आणिला. शेठ म्हणत होते कीं गाडी आम्हांस द्यावी, इंजिन काढोन टाकूं, त्या जागीं मनीप्लांट लावूं, दारांत उभी करूं, गिऱ्हाइकें आंत बसोन आपल्या तसबिरा काढतील, आणि तुम्हांस खर्च शून्य. निरंजन बोलिला, "बाबा, तिथं ती रोज पुसली तरी जाईल. आणि तुम्ही मला गाडीखाली सापडायचे नाही." रावांनीं मैनावतीचे बॉनेटावर हात ठेविला. मग बोलिले, "ज्या दसऱ्याला ती स्वतःच्या ताकदीवर, सूर्य मावळायच्या आत शीव ओलांडणार नाही, त्या दसऱ्याला किल्ली तुझ्या हातात देईन. तोवर हा विषय माझ्यासमोर नको." उमाबाई दारांत भाजी निवडीत होत्या. त्यांणीं मान वर न करितां पुढली जुडी घेतली, आणि रावांनीं मनांत घेतलें कीं ही आनंदली.

मग खंडेनवमी आली. त्या मुलुखीं रीत ऐशी कीं, ज्याचें पोट ज्या हत्यारावर त्याणें तें नवमीस पूजेस मांडावें, मग दसऱ्याचे उत्तरपूजेवांचून त्यास हात लावूं नये. दस्तगीर दरसालप्रमाणें आपले तेरा पाने घेऊन आला आणि रावांचे ओटीवर पाटावर ओळीनें मांडिले. त्या आधीं त्याणें इंजिनाचे वरली हवेची नळी धुवोन वाळत घातली होती, ती सकाळीं बसवूं म्हणाला. उमाबाई ताम्हन घेऊन आल्या, पान्यांस हळदकुंकू वाहिलें, मग गाडीकडे गेल्या. बॉनेट उघडें होतें. दरसाल फूल बॉनेटावर ठेवीत, यंदा काय मनांत आलें देव जाणे, एक टपोरा झेंडू त्यांणीं आंत, नळीचे मोकळे जागीं, ठेविला. कोणी पाहिलें नाहीं.

दसऱ्याचे दिवशीं बोलावणीं, जेवणें, पाहुणे यांत तिसरा प्रहर टळला. दस्तगीरानें घाईनें एक पाना पाटावरोन उचलिला, देवाची क्षमा मागितली, नळी बसविली, आणि पाना जागचे जागीं ठेविला, कां कीं उत्तरपूजा व्हावयाची होती. मग स्वारी निघाली. राव चक्रापाशीं, शेजारीं दस्तगीर, मागें उमाबाई आपट्याचें ताट मांडीवर घेऊन, आणि पाठीमागें निरंजन आपल्या नव्या गाडींत. मैनावती ऐशी चालली कीं रावांस वाटलें, आज वडील असते तर शिटी वाजविते. घाट चढली, पूल ओलांडिला, आणि शीवेचा दगड तीस पावलांवर दिसूं लागला. दगडापलीकडे आपटा, आपट्याखालीं अंबादासशेठ, आणि शेठांचे पाठीशीं गाडी उचलावयाची क्रेन. शेठांस अट ठाऊक, आणि आशा दांडगी. इतक्यांत रस्त्यांत एक खड्डा आला, मैनावतीस दणका बसला, तिणें दोनदां ठसका दिला आणि जागींच थांबली.

दस्तगीर उतरला, हँडल घालोन फिरविलें, इंजिन एकदां खोकलें आणि गप्प जाहलें. मग त्याणें कान लाविला आणि बोलिला, "साहेब, हिचा श्वास कोंडलाय. वरच्या नळीत कायतरी दणक्यानं सरकून अडकलंय. नळी सोडली की दोन मिनटांचं काम." राव म्हणाले, सोडा. दस्तगीरानें कमरेस हात घातला, आणि हात तैसाच राहिला. पाने पाटावर होते. तेराचे तेरा, हळदकुंकू लावोन, घरीं, चार कोसांवर. निरंजनानें आपल्या गाडींतील पाने आणोन लाविले, एक सैल आणि एक बसेचना. घरीं जाऊन येईतों सूर्य थांबणारा नव्हता, तो डोंगरावर दोन बोटें राहिला होता. उमाबाई ताट घेऊन उतरल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "झेंडू आहे तो. मी घातला. जिथून ती श्वास घेते तिथं एक फूल असावं वाटलं."

रावांस राग आला नाहीं. राग येण्यास जी ताकद लागते ती निघोन गेली होती. एकेचाळीस दसरे डोळ्यांपुढोन गेले, वडिलांची औषधांची काळी पेटी मागील गादीवर दिसली, आणि मग दिसला तो मनीप्लांट. दिला शब्द तो शब्द. त्यांणीं किल्ली काढिली आणि मुलाचे तळहातावर ठेविली. निरंजनानें मूठ मिटली. अंबादासशेठांनीं क्रेनवाल्यास खूण केली.

तेव्हां उमाबाईंनीं ताट दस्तगीराचे हातीं दिलें आणि पदर खोंचला. "निरंजन, किल्ली दे इकडे."

"आई, बाबांनी शब्द दिलाय."

"सूर्य अजून वर आहे. शब्द लागू व्हायला अवकाश आहे. दे."

आणि त्या चक्रापाशीं जाऊन बसल्या, चपला काढोन बाहेर ठेविल्या. येथें सांगावयाचें कीं, नवी सून घरांत आली तेव्हां डाक्तर नारोपंतांनीं तीस याच गाडीवर हांकणें शिकविलें होतें, आणि एके वर्षीं ओढ्यांत गाडी बंद पडली असतां युक्ति दाखविली होती कीं, पहिला गेर टाकावा, क्लच सोडावा, आणि पायाखालील सेल्फाचें बटण दाबोन धरावें. इंजिन मेलें तरी बॅटरीचे बळावर गाडी पाऊल पाऊल सरकते. ही गोष्ट राव विसरले होते, सून विसरली नव्हती. गेर पडल्याचा आवाज होतांच दस्तगीर समजला आणि खिडकीशीं धांवला. "बाई, सेल्फवर नेताय? सेल्फ जळंल. तो बिलायतेहून यायचा, महिनोन्‌महिने. अन् बॅटरी नवी हाय."

"जळू दे."

रावांचे तोंडांतोन निघालें, "अगं, पण खर्च..."

बाईंनीं मान वळविली. "खर्चाचं मला सांगू नका. चाळीस वर्षं तिचा खर्च माझ्याच घरातून गेलाय. सवत असली तरी माझ्या घरची आहे. दुसऱ्याच्या दारात उभी राहायला नाही देणार मी तिला."

आणि बटण दाबिलें. मैनावती कण्हली, हिसका बसला, आणि पुढें सरली. मग पुन्हां हिसका, आणि पुन्हां पाऊल. राव एके बाजूनें चालों लागले, दस्तगीर दुसरे बाजूनें ताट घेऊन, आणि कोणी हात लाविला नाहीं, कां कीं हात लागता तर स्वबळ न राहतें. दहा पावलें जाहलीं, वीस जाहलीं, बॉनेटाखालोन जळका वास येऊं लागला. पुढलीं चाकें दगडापलीकडे गेलीं आणि गाडी ठप्प जाहली. अंबादासशेठ बोलिले, "हत्ती गेला, शेपूट राहिलं." म्हण खरी, आणि बोलावयाची वेळही बरोबर, हें शत्रूचें असलें तरी लिहिणें प्राप्त आहे. बाईंनीं पाय उचलिला. हळू आवाजांत एकापासोन वीसपर्यंत मोजिलें, जैसें दूध उतूं जातांना आंच कमी करोन उभें राहावें तैसें, आणि मग अंगचें अवघें वजन त्या बटणावर दिलें. मैनावतीनें शेवटचा हिसका घेतला, मागलीं चाकें दगडापलीकडे टेकलीं, खालोन निळा धूर निघाला आणि सेल्फ कायमचा शांत जाहला. डोंगरावर सूर्याची कड अजोन होती.

निरंजन मागल्या चाकापाशीं गेला, वांकोन पाहिलें, दगड पाहिला, पुन्हां चाक पाहिलें. मग उठोन म्हणाला, "ओलांडली." आणि दस्तगीराचे ताटांतील पहिलें पान उचलोन त्याणें मैनावतीचे बॉनेटावर ठेविलें, दुसरें आईचे हातीं दिलें, आणि दोघींसमोर वांकला. रावांचे डोळे भरोन आले, दोऱ्याचा चष्मा खालीं पडला, तो त्यांणीं उचलिला नाहीं. किल्ली उमाबाईंपाशींच राहिली, ती अद्यापि तेथेंच आहे. मग प्रश्न पडला कीं घरीं कैसें जावें. तेव्हां रावांनीं शेठांस सोनें दिलें, गोड बोलिले, भाडें विचारिलें, आणि जी क्रेन मैनावतीस न्यावयास आली होती तीवरच बसोन मैनावती वाजतगाजत आपले घरीं आली. दुसरे दिवशीं नळी उघडिली तों झेंडू आंत होता, कुसकरला होता, रंग गेला नव्हता.

येणेंप्रमाणें सीमोल्लंघन जाहलें. सेल्फ गेला, बॅटरी गेली, पुढील सालीं टायर येणें आहे आणि परवान्याचा दस्त पुन्हां वाढणार ऐशी बातमी आहे. वाढो. बिलायतेस नव्या सेल्फाची मागणी गेली, तीवर सही उमाबाईंची. त्या घरीं नवा दंडक ऐसा जाहला कीं, खंडेनवमीस बारा पाने पूजेस मांडावे आणि तेरावा उस्तादाचे खिशांत ठेवावा. देवास बारा पुरतात. लेखनसीमा.